कोरड्या चिखलातलं धुपाचं लाकूड

"मागं वळून बघू नकोस गं. पातं काय बोलतंय, तिकडं कान दे."

सासूबाईंचा हा आवाज मला आजही पहाटेचे नमस्कार घालताना ऐकू येतो. मुजांगहून लग्न होऊन मी गालमेपोला आले, त्याच वसंतात त्यांनी माझ्या कमरेला दोरी बांधली. दोरीच्या टोकाला रुंद लोखंडी पातं. ते चिखलात तिरकं रोवायचं आणि मागं मागं चालत ओढायचं. खाली तिसरीची शिंपली असली की पात्याला टक् करून लागतं, आणि ते कानाच्या आधी कमरेला कळतं. नवखी बाई पाय कुठं पडतोय म्हणून सारखी मागं बघत राहते. तिचं पातं मुकं होतं. "मागं चिखलच आहे," सासूबाई म्हणायच्या, "पडलीस तरी मऊच आहे."

आमच्याकडे कुणी समुद्रावर जाते म्हणत नसे. चिखलात जाते, असंच म्हणायच्या सगळ्या. ओहोटी लागली की पाणी नजरेपार जायचं आणि मागं आभाळाएवढा करडा चिखल उघडा पडायचा. जिवंत चिखल. कान लावला तर बारीक बारीक बुडबुड ऐकू यायची, जणू कुणीतरी आत जप करतंय. वसंतात त्यावर पाणटिवळे पक्षी उतरायचे. पृथ्वीच्या पार खालच्या टोकाकडून निघालेले, वर बर्फाच्या मुलखात अंडी घालायला चाललेले. एवढ्या वाटेत त्यांचं जेवण फक्त आमच्याकडे. सासूबाई त्यांना पाहुणे म्हणायच्या. पाहुणे जेवत असतील त्या अंगाला पातं न्यायचं नाही, आणि अंगठ्याच्या नखाएवढी तिसरी लागली तर ती पुन्हा चिखलात सरकवायची. हे त्यांचे नियम. जेवायला बसलेले असतात तेवढ्यापुरतेच पाहुणे पाहुणे असतात आणि लहान असतात तेवढ्यापुरतीच लेकरं, असं त्यांचं म्हणणं.

थोरल्या जाऊबाई माकसुन, आमच्या अक्का, माझ्या आधी दहा-बारा वर्षं त्या घरात आल्या होत्या. माकसुन म्हणजे शेवटची. ओळीनं मुलीच झाल्या तेव्हा आता पुरे म्हणून आईबापांनी ठेवलेलं नाव. "पण देवाला ऐकू कमी येतं," अक्का हसून सांगायच्या, "माझ्या पाठीवर अजून एक आलीच."

अक्कांचं आणि देवाचं फारसं जमत नव्हतं. मी टेकडीवरच्या विहारात जायची ती प्रार्थनेला, त्या यायच्या त्या जेवायला. मी अमावस्येनंतरच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला जीव मारायचा नाही असं व्रत घेतलं होतं, अजून पाळते. गंमत अशी की ओहोटी सगळ्यात लांब जाते ती त्याच दिवसांत. सगळ्या गावच्या बाया हौसेनं लांबच्या चिखलाकडे निघायच्या आणि मी त्यांच्या उलट्या दिशेनं टेकडी चढायची.

"मुजांगवाली, तुझा बुद्ध आणि माझं उधाण बरोब्बर एकाच दिवशी येतात बघ," अक्का खालून ओरडायच्या. "बुद्धाला सांग ना जरा, वार बदलून घे म्हणावं."

संध्याकाळी मी परतले की माझ्या उंबऱ्याशी टोपलीभर तिसऱ्या ठेवलेल्या असायच्या. मी घ्यायला कचरले की पलीकडच्या भिंतीवरून आवाज यायचा, "घे गं. पाप माझ्या नावावर, पेज तुझ्या नावावर."

पहाटे मी अंगणात रांजणांच्या ओट्यावर स्वच्छ पाण्याची वाटी ठेवते आणि हात जोडते. सासूबाई ठेवायच्या, म्हणून मीही. दुसऱ्या दिवशी जुनं पाणी ओतून नवं भरायचं. त्यावरही अक्कांनी मला सोडलं नाही. "इतकी वर्षं वाट्या ओततेस. एके ठिकाणी ओतल्या असत्यास तर घरचीच एक खाडी झाली असती."

मग बंधाऱ्याची बातमी आली.

एका उन्हाळ्यात इस्त्रीच्या शर्टातली माणसं आली आणि समाजघराच्या भिंतीवर त्यांनी मोठं रंगीत चित्र टांगलं. चित्रात दोन टोकांमधला समुद्र एका पांढऱ्या रेघेनं कापला होता, आणि रेघेच्या अलीकडे आमच्या चिखलाच्या जागी हिरवी शेतं, कारखाने, रुंद रस्ते. त्यातला एकजण काठीनं चिखल दाखवत म्हणाला, "ही जी रिकामी जागा आहे..."

"रिकामी?" अक्का मागून उठल्या. "बूट काढ आणि उतर बाबा खाली. मग सांग कोण कोण चावतं ते."

समाजघर हसलं. तो माणूसही हसला. पण चित्र कुणी उतरवलं नाही.

पुढची काही वर्षं आम्ही काय काय केलं ते आता आठवलं की वाटतं, एवढं बळ कुठून आणलं होतं. जंगलातून ओंडके आणून पुरुषांनी गावाचे रक्षक कोरले, मोठाले डोळे आणि विचकलेले दात असलेले, आणि ते चिखलाच्या काठावर ओळीनं उभे केले. शहरातून पक्षी बघणारी मुलं आली, कोर्टात जाणारी माणसं आली. विहारातल्या ह्येजिन भिक्षुणींनी सांगितलं तसं आम्ही बाया तीन पावलं चालायचो आणि एक दंडवत घालायचो, असं करत जिल्ह्याच्या गावापर्यंत गेलो. डांबर तापलेलं. गुडघ्यांवर चिंध्या बांधलेल्या. अक्का माझ्या शेजारी.

"हे बघ," दंडवतातून उठताना त्या धापा टाकत म्हणाल्या, "हे मी तुझ्या बुद्धासाठी करत नाहीये. तिसऱ्यांसाठी करतेय. वर हिशेब लिहिणाऱ्याचा गैरसमज नको व्हायला."

त्या वाटेवर खाणीच्या फाट्याशी बंधाऱ्यासाठी दगड नेणारे ट्रक आले. पुढच्या ट्रकवर हाकसू होता, अक्कांचा मुलगा. आम्हाला ठाऊक होतं तो तिकडे कामाला लागलाय ते, पण ठाऊक असणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. त्याच्या ट्रकपुढं त्याची आई डांबरावर पालथी पडलेली.

त्यानं काच खाली केली. "आई, ऊठ."

"तू घाल गाडी."

"आई, लोक बघतायत."

"त्यासाठीच पडलेय."

हाकसूनं इंजिन बंद केलं. खाली उतरला, आईच्या शेजारी डांबरावर बसला आणि टोपी काढून तिच्या डोक्यावर धरली, ऊन लागू नये म्हणून. मागचे ट्रक हॉर्न वाजवत राहिले, मुकादम येऊन शिव्या देत राहिला. तो उठला नाही. त्या दिवशी त्याचं काम गेलं. थंडीपर्यंत तो घरी बसला, मग पोरीच्या शाळेचं बघायचं म्हणून पुन्हा ट्रकवर गेला. अक्का त्याला त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी तो परतला की दगडाची पांढरी भुकटी त्याच्या पाठीवरून झटकायच्या आणि म्हणायच्या, "हात धू, जेवायला बस."

टेकडीमागं एक जुना दगड आहे, अक्षरं अर्धी झिजलेली. शेकडो वर्षांमागं आमच्याच किनाऱ्यावरच्या लोकांनी धुपाचं लाकूड चिखलात पुरलं, असं त्यावर कोरलंय. जिथं नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी एकमेकांना भेटतं, तिथंच पुरायचं. हजार वर्षं भरती-ओहोटी त्यावरून गेली की ते लाकूड दगडासारखं जड होतं आणि त्याचा धूप जगात सगळ्यांत सुगंधी होतो म्हणतात. मैत्रेय बुद्ध येतील तेव्हा लावायचा तो. पुरणाऱ्याला त्याचा वाससुद्धा मिळत नाही. ते सगळं पुढच्यांचं.

भिक्षुणी म्हणाल्या, आपणही पुरू या.

लाकूड कुठलं, तर अक्कांनी आपल्या विहिरीजवळचं झाड दिलं. सासूबाईंनी हातानं लावलेलं होतं ते. करवत अक्कांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. मला म्हणाल्या, "नुसती हात जोडून उभी काय राहतेस? दुसरं टोक धर." हाताएवढ्या लांबीचा, मांडीएवढा जाड तुकडा निघाला. आत लालसर, आणि वास असा की करवतीच्या भुशात पाय ठेवायला जीव होईना.

भिक्षुणींनी जागा दाखवली, जिथं ओहोटीत नदीची जीभ समुद्राला लागते तिथं. गावातल्या बायांनी हातांनी खड्डा काढला. शेवटी लाकूड अक्कांनी आणि मी दोघींनी मिळून आत ठेवलं, सासूबाईंच्या झाडाचं म्हणून. चिखल लोटताना भिक्षुणी म्हणाल्या, "ध्यानात ठेवा. जे हात पुरतात ते हात काढत नाहीत. काढणारे अजून जन्मायचे आहेत." वर खूण म्हणून उंच काठी रोवली आणि काठीच्या टोकावर लाकडी बदक बसवलं, चोच समुद्राकडं करून.

त्या दिवशी परत येताना सगळ्या बाया हसत होत्या. आता खाली पूर्वजांचं लाकूड आहे, आपलंही आहे, असं आम्हाला वाटत होतं. एवढ्या नवसावर कोण दगड टाकेल? टाकला तरी टिकेल का? आम्हाला खरंच वाटलं, की पुरलेल्या लाकडाचं वजन त्यांच्या दगडांहून जास्त भरेल. कोर्टाच्या तारखेला शहरात जायचं होतं, तर निम्म्या बाया म्हणाल्या, आता जाऊन काय करायचं, झालं की काम. आमच्यासारख्या भाविकांनाच अशी चूक करता येते.

कोर्टात हरलो. दोन वसंतांनंतर बंधाऱ्याची दोन टोकं जुळली. पलीकडे बँड वाजला म्हणतात. आम्हाला ऐकू आला नाही, वारा उलटा होता.

बंद झाल्यावर पहिलं उधाण आलं ते पौर्णिमेचं. त्या दिवशी सकाळी मी विहारात जायला निघाले, तर गावच्या सगळ्या बाया पाती घेऊन चिखलाकडे चाललेल्या. म्हटलं, अक्का, कुठं?

"उधाण आहे आज," त्या म्हणाल्या, जणू मीच खुळी आहे.

"पण बंधारा..."

"बंधारा आहे माहीत आहे मला. चंद्रही आहे की नाही?"

व्रताचा दिवस असून मी त्या दिवशी टेकडी चढले नाही. त्यांच्याबरोबर गेले, पातं न घेता. आम्ही सगळ्या जणी कडेला उभ्या राहिलो. पाणी यायची वेळ झाली. या वेळेला दूरवर एक चकाकती रेघ दिसते, मग ती रुंद होते, मग पायाशी फेस येतो, हे प्रत्येकीच्या अंगात इतकं मुरलेलं की काहीजणींनी नकळत पाय मागं घेतले. रेघ दिसली नाही. वेळ झाली आणि टळून गेली. पाणटिवळे त्या वर्षी नेहमीसारखे उतरले होते, तेही एका पायावर उभे होते, आमच्याबरोबर पाण्याची वाट बघत. ऊन कलल्यावर एकेक बाई घरी गेली. अक्का शेवटपर्यंत थांबल्या, म्हणून मीही थांबले.

"येईल," त्या वाटेत म्हणाल्या. "उशीर झाला असेल."

चिखल वरून वाळत गेला. पांढरा पडला, भेगाळला. पण तिसऱ्या चिवट असतात. तोंड मिटून खोल जातात आणि वाट बघतात. आम्हाला वाटलं, मेल्या असतील. त्या मेल्या नव्हत्या.

मग एका दुपारी मोठा पाऊस झाला. भेगांतून पाणी आत गेलं, चिखल पुन्हा मऊ झाला, काळा झाला, आणि खाली वाट बघत बसलेल्या तिसऱ्यांना वाटलं, भरती आली. सगळ्या वर आल्या. जिकडं बघावं तिकडं चिखलभर तिसऱ्या, तोंडं उघडून पाणी प्यायला लागलेल्या. गोडं पाणी. पाऊस उघडला तेव्हा त्या तशाच होत्या, तोंडं उघडीच.

मी त्या दिवशी चिखलात गुडघे टेकले आणि मला एकही मंत्र आठवेना.

अक्का मात्र लाल टोपलं घेऊन उतरल्या. ज्या अजून मिटलेल्या होत्या त्या वेचायला लागल्या. टोपलं भरलं की दोरीनं ओढत बंधाऱ्यापर्यंत न्यायच्या, दगडांवर चढायच्या आणि पलीकडे समुद्रात ओतायच्या. पलीकडे खोल पाणी आणि दगड. तिथं तिसरी जगत नाही, हे त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार?

"अक्का, तिथं नाही जगायच्या त्या."

"खाऱ्या पाण्यात तरी मरतील," त्या म्हणाल्या. "धर, तू ते टोक धर."

अंधार पडेपर्यंत आम्ही ओढलं. दुसऱ्या दिवशीही त्या पावसात भिजत एकट्याच गेल्या. हाकसू कामावरून आला आणि त्यानं त्यांना बंधाऱ्याच्या दगडांवर बसलेलं पाहिलं, ओठ निळे झालेले. त्याच्या ट्रकनं आणलेल्या दगडांवर. पाठुंगळीला घेऊन आला तो आईला.

छातीतलं दुखणं मग निघालंच नाही. हाकसूनं तोवर शहरात घर घेतलं होतं, अकराव्या मजल्यावर; तो त्यांना तिकडे घेऊन गेला. मी भेटायला गेले तेव्हा सूनबाईनं तिसऱ्यांची पेज केली होती. अक्कांनी एक चमचा चाखला आणि मला डोळा मारला. "ही तिसरी कुठल्या तरी परमुलखातली आहे. हिच्या बापजन्मात हिनं पातं बघितलेलं नाही."

सूनबाई आत गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. हात गरम होता, हलका होता.

"मुजांगवाली, लाकूड कोरडं पडलंय."

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"चिखल वाळला म्हणजे आतलं लाकूडही वाळणार. कोरड्यात पुरलेलं लाकूड म्हणजे काय? सरपण. त्या टेकडीच्या दक्षिणेला, बंधाऱ्याच्या टोकापलीकडे, तो लहान ओढा आहे बघ, अजून थेट समुद्राला मिळतो. तिथं ने ते."

"अक्का, जे हात पुरतात ते काढत नाहीत. तुमच्यासमोरच सांगितलं होतं."

"मी जेवणाची वाट बघत होते तेव्हा. नीट ऐकलं नसेल." त्या खोकल्या, बराच वेळ. मग म्हणाल्या, "एक सांग. पुरलं कधी म्हणायचं? चिखल लोटला की झालं? हजार वर्षं भरती जावी लागते ना त्यावरून? मग अजून पुरलंच कुठं आहे ते? आपण अजून पुरतोच आहोत. मी मधेच दमले, एवढंच."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, "मला विचार करू द्या."

"तू विचार करतेस तेव्हा एकशेआठ नमस्कार घालतेस. माझ्याकडे तेवढा वेळ नाही. आत्ता सांग."

मी म्हटलं, "नेईन."

"मागं वळून बघू नकोस मग," त्या म्हणाल्या, अगदी सासूबाईंच्या आवाजात, आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

अंगणातली झाडं पिवळी पडली तेव्हा अक्का गेल्या. दर सातव्या दिवसाची प्रार्थना मी विहारात केली, हाकसू येत राहिला. शेवटच्या प्रार्थनेनंतर तो पायऱ्यांवर बूट घालता घालता थांबला.

"काकू, सोमवारपासून नदीच्या तोंडाकडून वाळूचा भराव सुरू होतोय. बदकाच्या काठीपासूनच."

"कुणी सांगितलं?"

"भराव मीच वाहणार आहे," तो म्हणाला, बुटाची नाडी पुन्हा सोडून पुन्हा बांधत.

तो गेल्यावर मी परत आत गेले. ह्येजिन भिक्षुणी दिवे विझवत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला, स्वतःसाठी ओतला आणि प्यायल्या नाहीत.

"नियम मीच सांगितला होता," त्या म्हणाल्या. "आता तो मोडायची परवानगीही मीच कशी देऊ? तुझी जाऊ काय म्हणाली होती, नेमके शब्द सांग."

मी सांगितले. अजून पुरलंच कुठं आहे, आपण पुरतोच आहोत, मी मधेच दमले. भिक्षुणी बाहीनं डोळे पुसत हसल्या.

"ती इथं नुसती जेवायलाच यायची ना?"

"हो."

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मी उठून निघाले तेव्हा त्यांनी धुपाच्या दोन काड्या कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवल्या.

रविवारी पहाटे मी नमस्कार घातले. वाटीतलं जुनं पाणी ओतलं, नवं भरलं. पातं नको होतं, दोरी मात्र घेतली, आणि अक्कांच्या अंगणातून त्यांचं लाल टोपलं. त्याच्या तळाशी वाळलेल्या चिखलाचं कडं अजून होतं.

पूर्वी जिथं पाय घोट्यापर्यंत रुतायचा तिथं आता चपला वाजत होत्या. जमिनीवर मीठ फुललेलं, मधेमधे लाल खुरट्या झुडपांची रांगोळी. तोंड उघड्या शिंपल्या पायांखाली मोडत होत्या, चुकवायच्या म्हटलं तरी चुकवता येत नव्हत्या. पाणटिवळे त्या वर्षी परतीच्या वाटेवर उतरले नव्हते. वरून एक थवा गेला होता, फिरून आला होता, गोल फिरला होता आणि पुढं गेला होता.

काठी कलली होती. बदकाची चोच आता खाली जमिनीकडे झाली होती. आणि काठीपाशी हाकसू उभा होता, फावडं घेऊन.

"तुम्ही येणार माहीत होतं," तो म्हणाला. "आईनं मलाही सांगितलं होतं. म्हणाली, काकू विचार करत बसेल, तू जा."

"मी विचार करत नव्हते," मी म्हटलं.

"ते मी तिला सांगेन." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "काकू, पुरणाऱ्यांत मी नव्हतो. माझा हात चालेल?"

मी त्याच्या हातांकडे बघितलं. नखांत दगडाची पांढरी भुकटी बसलेली. कितीही धुतली तरी जात नाही ती, अक्का म्हणायच्या. "आईचा हात म्हणून धर," मी म्हटलं.

वरचा थर विटेसारखा निघाला. मग भुसभुशीत. मग एकदम फावडं मऊ लागलं आणि काळा, ओला चिखल वर आला, आणि त्याबरोबर तो वास. जुन्या समुद्राचा. हाकसू फावडं टाकून तसाच वाकून राहिला. मी खड्ड्यात उतरले आणि हातांनीच चिखल सारला. लाकूड होतं तसं होतं. ओलं. मी ते उराशी धरून वर दिलं तेव्हा जाणवलं, आम्ही ठेवलं होतं त्याहून ते थोडं जड झालंय. की मीच म्हातारी झालेय, कोण जाणे.

खड्ड्याच्या काठावर मी धुपाच्या दोन्ही काड्या लावल्या. एक सासूबाईंची, एक अक्कांची. त्या विझेपर्यंत आम्ही बसलो. हाकसूनं बदक काठीवरून काढून खिशात ठेवलं.

"गाडी आणलीय," तो म्हणाला. "वळसा घालून ओढ्यापर्यंत लगेच पोचवतो."

"नको रे. हे ओढायचं असतं."

"एकट्या जाणार?"

"तुला उद्या पहाटे काम आहे. जा, जरा नीज."

त्यानं लाल टोपल्यात लाकूड ठेवलं, वर ओल्या चिखलाचा गोळा थापला, वाटेत वाळू नये म्हणून, आणि स्वतःचा सदरा काढून झाकला. दोरी मी कमरेला बांधली. गाठ सासूबाई मारायच्या तशीच, डाव्या कुशीवर.

आज पौर्णिमा होती. ओढ्याच्या तोंडाशी दुपारी ओहोटी लागेल आणि संध्याकाळी पाणी परत येईल. त्याआधी खड्डा काढून व्हायला हवा होता.

मी दक्षिणेकडे पाठ केली आणि मागं पहिलं पाऊल टाकलं. दोरी ताणली. टोपलं हललं. समोर सगळा पांढरा, भेगाळलेला चिखल पसरलेला, त्यात तो काळा ओला खड्डा आणि खड्ड्याशी उघड्या अंगानं उभा असलेला अक्कांचा मुलगा. तो लहान लहान होत गेला. वाटेत पाय कुठं पडतोय ते मी पाहिलं नाही. कमरेला कान दिला आणि चालत राहिले.